गरव्या भातातले उंदीर

उंदराबद्दल दोन चांगले शब्द लिहावेत म्हणून मी बसलेली नाही. उंदीर मला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. पण गेल्या काही वर्षांत माझ्या शेतात जे झालं ते त्याला वगळून सांगता येत नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात. खर्डीला उतरायचं आणि पुढं रिक्षानं यायचं. माझं माहेर मुरबाडकडचं. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बोलण्यात थोडा फरक वाटला, चिखल तोच होता. शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिता वाचता येतं, तेवढं पुरलं.

गावातल्या शाळेच्या भिंतीवर एक चित्र काढलेलं आहे. गवत, गवतावर नाकतोडा, मग बेडूक, मग साप, वर घार, आणि मधे मधे बाण. खाली लिहिलंय, अन्नसाखळी. साप हसरा काढलाय, का ते चित्रकाराला माहीत. शेतावर जाताना मी रोज त्या भिंतीवरून जाते. चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. साखळी म्हटली की एका कडीत दुसरी कडी, एवढंच. शेतात तसं नसतं. तिथं सगळं चिंचेच्या मुळांसारखं एकमेकांत गेलेलं असतं, एक मूळ ओढलं तर कुठली माती हलेल ते सांगता येत नाही. आणि त्या चित्रात माणूस नाही. जसं काही तो बांधावर उभा राहून नुसता बघतोय.

माझं एक खाचर ओहोळाला लागून आहे. सखल जागा, पाणी साचून राहतं. गावात आता सगळे हळवं भात लावतात, लवकर पिकणारं, दुकानातून आणलेल्या बियाण्याचं. दसऱ्याच्या पुढंमागं कापून मोकळे होतात. मीही त्या खाचरात दुकानाचं बी लावून पाहिलं. एकदा आडवं पडून कुजलं. दुसऱ्यांदा लावलं, तेव्हाही कुजलं. त्या जागेत एकच भात उभं राहतं, ते म्हणजे जुनं गरवं. उंच वाढतं, साल तांबडी, दाण्याला लांब कुसळ. कुसळामुळं पाखरं कमी लागतात. पिकतं मात्र सगळ्यांच्या शेवटी, दिवाळी होऊन गेल्यावर. तांदूळ जाडा आणि लाल. पाहुण्यांना वाढायचा नाही, पण त्याच्या पेजेवर दुपारपर्यंत काम होतं.

हे बियाणं गावात फक्त माझ्याकडं राहिलं होतं. यात मिरवण्यासारखं काही नाही. बाकीच्यांच्या जमिनी बऱ्या होत्या, त्यांनी सोडलं. माझी तशी नव्हती, म्हणून मी सोडलं नाही. भाताचं बी वर्षाच्या वर ठेवलं तर धड उगवत नाही. दर वर्षी लावायचं आणि त्यातलंच पुढच्या वर्षाला ठेवायचं. मधे एक वर्ष हुकलं की संपलं.

आता वाडीवरच्या माणसांचं सांगते. ओहोळाच्या पलीकडं डोंगराच्या सोंडेवर त्यांची घरं आहेत. थोडी शेती, बाकी जंगलातलं काय मिळेल ते आणि मजुरी. त्यांची घरातली बोली वेगळी आहे, आमच्याशी बोलताना आमच्यासारखं बोलतात. कापणी झाली की ही माणसं आमच्या बांधांतले उंदीर खणायला यायची. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून यायची. माझ्याच वयाची एक बाई त्यांच्या पुढं असायची. तिच्या उजव्या हाताचं एक बोट ताठ आहे, वाकत नाही. कधी तरी बिळात हात घातला होता. "बीळ उंदराचंच होतं," ती सांगायची, "पन भाडेकरू दुसरा होता." फुरशासारखा विषारी साप चावूनही ती वाचली आणि पुढच्या वर्षी पुन्हा आली.

बांधाजवळ वाकून ती ताजी माती कुठं पडलीय ते पाहायची. एका बिळाला तोंडं अनेक असतात. ती एकेक शोधून दगडानं बंद करायची आणि एक तोंड उघडं ठेवून तिथं मडकं लावायची. मडक्यात पेंढा आणि गोवरी पेटवलेली, मागून भोकातून फुंकर. धूर आत गेला की उंदीर दगडामागं येऊन आपटायचे, तिथं दुसरी बाई काठी घेऊन बसलेली. मग पहारीनं बांध उकरायचा आणि आत उंदरानं साठवलेल्या लोंब्या काढायच्या. उंदीर त्यांचे आणि बिळातला दाणाही त्यांचाच. शेतकऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. बदल्यात त्यांनी उकरलेला बांध भरून, पायानं तुडवून घट्ट करून द्यायचा. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. कुणी मोडतही नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं होतं, उंदीर खाववतो कसा. ती म्हणाली, "तुमची कोंबडी काय काय खाते ते बघितलंस का कधी? उंदीर तर नुसतं भात खातो. तूच सांग कोन बरं."

कोंबडी मी अजून खाते.

माझा मुलगा कल्याणकडं कारखान्यात आहे. मोटारसायकल आसनगावला लावतो आणि गाडी पकडतो. रविवारी शेत बघतो. काही वर्षांपूर्वी त्यानं यंत्र आणून सगळे बांध नवे घातले, उंच आणि रुंद. वर तूर लावली. तूर चांगली आली. त्यानं वाडीवरच्या माणसांना सांगून टाकलं की आता खणायचं नाही. माती नवी आहे, उकरली तर पावसात बांध जाईल. गावातल्या इतरांनाही ते पटलं, त्यांनीही बंद केलं. मुलगा चुकीचं बोलत होता असं नाही. नवी माती धरायला दोन पावसाळे लागतात हे मलाही ठाऊक आहे. वाडीवरची माणसं एकदा येऊन बांधाकडं बघून गेली, भांडली नाहीत. पुढच्या वर्षी आलीच नाहीत.

उंदराला मात्र ते घर मिळालं. जुना बांध हातभर, त्यात तो एक खोली करायचा. नव्या बांधात त्यानं चाळ बांधली. वर तूर, खाली भात, उकरणारं कुणी नाही.

तरी त्याला खाणारे दुसरे होते. खाचराच्या कडेला एक धामण असायची, जुनी, जाड. तिला बघून बायका ओरडायच्या. मी ओरडत नव्हते, तिची वाट वेगळी माझी वेगळी. माझ्या धाकट्या दिराचं शेत माझ्या शेजारी आहे. त्यानं भेंडी लावली आणि डुकरं शिरू नयेत म्हणून भोवती नायलॉनचं जाळं लावलं. डुकरं यायची ती आलीच, जाळं तोडून. धामण मात्र त्यात अडकली. सुटायला जितकी वळली तितकी दोरी आत गेली. मी पाहिली तेव्हा मुंग्या लागल्या होत्या.

मग उंदीर दिसायला लागले तसं दिरानं औषध टाकलं. पिठाच्या गोळ्यांतून. पहिल्यांदा बरेच मेले. शेतात वास सुटला. त्याच महिन्यात बेहड्याच्या ढोलीत राहणारी पिंगळ्यांची, म्हणजे लहान घुबडांची, जोडी दिसेनाशी झाली. एक झाडाखाली मेलेला मिळाला, दुसरा मिळाला नाही. औषधाचा उंदीर खाऊन मेला की म्हातारपणानं, मी चिरून बघितलं नाही. एवढं पाहिलं की पिंगळे गेले आणि उंदीर राहिले. उंदराची मादी वर्षात किती वेळा वितेल याला धरबंध नाही. पिंगळा एकदा अंडी घालतो, त्यातलीही सगळी जगत नाहीत. खाणारा सावकाश वाढतो आणि खाल्ला जाणारा भराभर, असंच असतं सगळीकडं. औषधानं दोघं मेले तर आधी उंदीरच परत येणार. हे दिराला सांगितलं तर म्हणाला, "वयनी, तुमी आता शाळेत शिकवायला जा."

त्याचं फारसं नुकसान झालं नाही. हळवं भात पिकलं की लगेच कापून घरी गेलं, उंदरांनी खाल्लं ते थोडंच. गावातली सगळी शेतं अशी मोकळी झाली. उभं राहिलं फक्त माझं गरवं.

त्या वर्षी हे नीट कळलं. सगळ्या गावाच्या बांधांतले उंदीर, ज्यांची ताटं एकदम उचलली गेली होती, ते माझ्या एका खाचरात जेवायला आले. दिवाळीचं आवरून मी चार दिवसांनी शेतावर गेले तेव्हा लांबून भात उभं दिसलं. जवळ गेल्यावर नुसती काडं होती. उंदीर काड तिरकं कापतो, विळ्यानं कापल्यासारखं, आणि लोंबी घेऊन जातो. कडेपासून मधेपर्यंत चालत गेले. पायाखाली भुसा. लोंबी अशी एक हाताला लागली नाही. कणगीत आदल्या वर्षाचं जे होतं ते दळून खाल्लेलं. पुढच्या वर्षी काय पेरायचं, याचा मी बांधावर बसून विचार केला.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आये, पुढल्या वर्षी पड ठेव ते खाचर. नायतरी त्याच्यात काय मिळतं?"

"मग काय करू त्याचं?"

"बघू."

त्याचं बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. ओहोळाला लागून जागा शोधणारे मुंबईचे लोक दर आठवड्याला गाडी घेऊन यायचे. त्यांना बंगला बांधायला पाणी दिसलं पाहिजे असतं. पडीक जमीन विकायला वेळ लागत नाही. लावलेली जमीन विकताना माणूस निदान पीक निघेपर्यंत थांबतो. बियाणं नाही म्हणजे पीक नाही, पीक नाही म्हणजे ते खाचर माझ्या हातात फार दिवस राहणार नव्हतं. मला दुसरं काही येत नाही. त्या वयात नवं शिकायची इच्छाही नव्हती.

मग डोक्यात आलं की उंदरानं लोंब्या नेल्या त्या कुठं नेल्या. एका वेळी एवढं खाऊन होत नाही. भात गेलेलं नव्हतं, बांधात होतं.

मी स्वतः खणू शकले असते, असं कुणी म्हणेल. मी खणून पाहिलं. अर्धा दिवस कुदळ मारली आणि रिकाम्या वाटांशिवाय काही लागलं नाही. बिळाची एक वाट खरी असते आणि बाकीच्या फसवायला. शिवाय आत कोण राहायला आलंय ते मला ओळखता येत नाही. मी वाडीवर गेले.

ती अंगणात पळसाची पानं जुळवत बसली होती. मला बघून उठली नाही.

"बस," ती म्हणाली. "काय गो, कोन मेलं का?"

"कोनी नाय. उंदीर झाले."

"झाले तर औषध टाका. तुमच्याकं औषध हाय."

"टाकलं गावानं. थोडे मेले, जास्ती झाले."

"मग बांधाला इचार. चांगला हत्तीएवढा घातलाय, त्यालाच इचार काय करायचं."

मी ऐकून घेतलं. बोलणं माझ्या घराला होतं, आणि घरातून आलेली मीच होते.

"येशील का खनायला?" मी विचारलं.

"कोन येल? पोरं वीटभट्टीवर गेली. हायेत ती लाजतात. नात म्हनते, म्हातारे, उंदीर आनलास तर मी जेवनार नाय."

"तू न् मी खनू."

"तू?" ती हसली. "तू वाकलीस तर तुला सरळ कोन करंल? सून हाय माजी, ती येल." दोन पानं टाचून झाल्यावर तिनं वर पाहिलं. "पन तू उंदरासाठी डोंगर चढून येनारी नाय. खरं सांग."

मी खरं सांगितलं. म्हटलं, बांधात माझं गरव्याचं बियाणं आहे. दुसरीकडं कुठं नाही.

"बिळातला दाना खननाऱ्याचा," ती म्हणाली.

"माहीत हाय. म्हनून मागायला आले. बदल्यात घरातला दुसरा तांदूळ देते, दुप्पट देते."

"खायला रेशनचा हाय मला." तिनं पुढची पानं उचलून टाचायला घेतली. मला वाटलं नाही म्हणणार. मग म्हणाली, "आमाला वरच्या अंगाला जमिनीचा पट्टा मिळालाय. ओहोळाला लागून. दुकानाचं बी दोनदा कुजलं त्याच्यात."

तिचीही जमीन माझ्यासारखीच निघाली.

"अर्धं तुजं, अर्धं माजं," ती म्हणाली. "पटलं तर सांग."

मला पटलं नव्हतं. अर्ध्या बियाण्यात माझं खाचर पुरं लावून होणार नव्हतं. पण अर्धं हे काहीच नाहीपेक्षा जास्त असतं, एवढं चौथीपर्यंत शिकवतात. मी हो म्हटलं.

रविवारी ती आणि तिची सून आल्या. सुनेनं तोंडाला ओढणी बांधली होती, धुरासाठी की कुणी ओळखू नये म्हणून ते मी विचारलं नाही. पहिलं बीळ रिकामं निघालं. दुसऱ्यात तुरीच्या शेंगा आणि हळव्याचा कोंडा. तिसरं ओहोळाच्या बाजूचं होतं. त्यात माझं भात होतं, तांबडं, मी लांबून ओळखलं. पण ओल लागून ते काळं पडलेलं आणि मोड येऊन कुजलेलं. मी ते हातात घेतलं आणि टाकून दिलं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "खालची खोली गरिबाची असते. वर बघू."

तेवढ्यात मुलगा आला.

"आये, हे काय चाललंय?"

"बांध खनतोय."

"ते दिसतंय. मी बंद केलं होतं ना?"

"तू बंद केलंस रे बाबा," वाडीवरची म्हणाली, "पन उंदरांना कोनी कळवलं नाय."

सून ओढणीआड हसली. मुलगा माझ्याकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "तूर तरी राहू द्या."

"तुमच्या तुरीला कोन हात लावतंय?" ती म्हणाली आणि त्याच वेळी सुनेच्या पहारीनं तुरीचं एक झाड आडवं झालं. मुलानं ते उचललं, बाजूला ठेवलं आणि मग तिथंच उभा राहिला. गेला नाही.

बांधाच्या उंच टोकाला, जिथं माती सर्वांत कोरडी होती, तिथं धूर सोडल्यावर उंदीर इतके निघाले की सून एकटी पुरी पडेना. मुलगा मागं सरला. मग पहार आत गेली ती सहज गेली, पोकळीत गेल्यासारखी. माती बाजूला केली तर आत लोंब्या होत्या. एकावर एक रचलेल्या, देठं सगळी एका बाजूला. कुसळं मोडलेली पण दाणे भरलेले, कोरडे, तांबडे. शेजारी दुसरी खोली होती, तिच्यातही तेच. मी दाणा दाताखाली धरला. कट्ट आवाज झाला.

दोन सुपं आणली होती. एक लोंबी इकडं, एक तिकडं, असं आम्ही बांधावर बसून वाटून घेतलं. ती भरलेली आणि अर्धवट यांत फरक करत नव्हती, हाताला येईल ती टाकत होती. मी फरक करत होते. तिच्या ते लक्षात आलं, पण बोलली नाही. बोलली असती तर मी थांबले असते.

वाटून झाल्यावर तिनं आपल्या सुपातली मूठभर लोंबी उचलली आणि फोडलेल्या बिळाचं एक बाजूचं तोंड मोकळं करून आत टाकली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पोटुशी होती एक. पळाली तिकडं. मीच सोडली."

"सोडलीस? आनि वर बियान्यातनं तिला खायला?"

"तुज्या सुपातलं नाय दिलं. माज्यातलं दिलं."

"पन कशाला?"

तिला माझाच प्रश्न कळेना. "सगळे मारले तर पुढल्या साली आमी काय माती खायला येऊ तुज्या बांधाला?"

मला राग आला. घरी जाऊन जेवेपर्यंत राग होता. मग जरा विचार केला.

इतकी वर्षं माझी समजूत अशी की ही माणसं आमचे उंदीर संपवायला येतात. ती संपवायला येतच नव्हती. मी भात कापते तशी ती उंदीर कापत होती. कापणी करणारा बी ठेवतो. मी भाताचं ठेवत होते, ती उंदरांचं. एकाच बांधावर दोघींची दोन पिकं होती आणि तिचं पीक माझं पीक खाऊन वाढत होतं. तरी दोघींचं चालत होतं, कारण ती दर वर्षी कापत होती. धामणही उंदीर संपवत नव्हती, पिंगळाही नाही. संपवला असता तर उपाशी मेले असते. संपवायचंच असं फक्त आम्ही ठरवलं, आणि आमच्याच्यानं ते झालं नाही. जे संपले ते दुसरेच.

म्हणून मला उंदीर आवडायला लागला असं नाही. पोटुशी मी सोडली नसती.

बी उगवेल की नाही याची खात्री नव्हती. उंदराच्या बिळात दमटपणा असतो, ऊब असते, दाणा आतून मेलेला असू शकतो. पेरणीच्या आधी थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवले. मोड आले. सगळ्यांना नाही, पण पुरेशांना. मुलाला फडकं दाखवलं. तो म्हणाला, "मग लाव." पड ठेवण्याचं त्यानं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

अर्धं खाचर लागलं. उरलेल्यात गवत वाढलं, ते गुरांना घातलं. त्या वर्षी आम्ही खणायची वेळ बदलली. पूर्वी सगळ्यांची कापणी आटोपल्यावर खणायचे. आता गावाचं हळवं कापून झालं आणि माझं गरवं अजून दुधात आहे, तेव्हाच तिनं यायचं असं ठरलं. उंदीर जागा बदलून माझ्या बांधात शिरलेले असतात आणि लोंबी अजून त्यांच्या कामाची झालेली नसते. ही युक्ती तिची की माझी यावर आमचं अजून एकमत नाही. ती म्हणते तिची. त्या वर्षी बिळात दाणा थोडाच निघाला, उंदीर भरपूर निघाले. ती खुश होती. नातीनं जेवायचं की नाही ते नातीनं बघावं, असं म्हणाली.

माझं भात निघालं. उंदरांनी खाल्लं तेवढं खाल्लं, पण निघालं. कणगीत पूर्ण खाचराला पुरेल एवढं बी ठेवून थोडं पेजेलाही उरलं. तिच्या पट्ट्यात माझ्यापेक्षा चांगलं आलं, हे ती मला भेटेल तेव्हा सांगते. मी एकदा जाऊन पाहून आले. खरंच चांगलं आलं होतं. एक बरं झालं, आता एकीचं गेलं तर दुसरीकडं असेल. ते तिलाही कळतं, बोलून कुणी दाखवत नाही.

बांधाला काही झालं नाही. माती आता धरलीय. तुडवताना मुलगाही पाय लावतो, बूट काढून.

या वर्षी पूर्ण खाचर लावलं. भात दुधात आल्यावर ती आणि सून येऊन खणून गेल्या. जाताना तिनं पिशवी उचलून मला दाखवली, हलकी होती.

"तुज्या बांधात काय राह्यलं नाय आता," ती कुरकुरली. "एवढ्यासाठी कोन डोंगर उतरंल?"

ते खरं होतं. वाडीवर पिंगळा बोलतो म्हणतात, आमच्याकडं अजून आलेला नाही. ती यायची थांबली तर माझ्या बांधाला दुसरं कुणी नाही, आणि गरवं उभं असताना शेजारचे उंदीर आहेतच. तिला पोटभर मिळायला हवं, आणि माझ्या एकटीच्या बांधात तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दिराकडं गेले. तो ओट्यावर औषधाचे गोळे वळत होता, हातात पिशव्या घालून.

"वाडीवरच्यांना तुज्या बांधात खनू दे," मी म्हटलं.

"बांध फोडतील, वयनी."

"फोडतील न् भरून देतील. माजे बघ जाऊन."

"आनि ह्या गोळ्यांचं काय करू?"

"पुरून टाक. औषधाचा उंदीर ती उचलत नाय."

त्यानं गोळा तसाच हातात धरला. "विचार करतो," म्हणाला.

"कर," मी म्हटलं. "तवर तुजे उंदीर माज्याकं जेवतायत."